काचेसारखं, मग हिरवं

माझा धंदा काय ते सांगितलं की लोक आधी माझ्या बोटांकडे बघतात. अंगठ्या शोधतात. माझ्या बोटांत अंगठी नाही. नखं कापलेली, फक्त उजव्या अंगठ्याचं मुद्दाम थोडं वाढवलेलं, कारण खनिज मऊ की कठीण याची पहिली परीक्षा त्या नखाने होते. दागिन्यांतली रत्नं मी बघत नाही. लोक हौसेने खनिजं जमवतात, काचेच्या कपाटात मांडतात आणि पाहुणे जांभया देईपर्यंत दाखवतात. ती ओळखायची आणि त्यांची किंमत ठरवायची, हे माझं काम. त्यासाठी टायरच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली आहे. खालून रबराचा वास येतो. वर एक लांब टेबल, सूक्ष्मदर्शक, तराजू आणि उथळ खणांची कपाटं. खिडकीला जाड काळा पडदा, कारण काही खनिजांना उजेड सोसत नाही.

नवरा म्हणतो, "दगडांशी बोलतेस त्याच्या निम्मं माझ्याशी बोललीस तरी पुरे." तो इस्पितळात एक्स-रे काढतो. दिवसभर लोकांना 'श्वास रोखून धरा' सांगतो आणि घरी आला की तोंडाला कुलूप. तेव्हा त्याने तर बोलूच नये.

त्या दुपारी जो माणूस आला त्याने दारातच बूट काढले. बुटांना राखाडी चिखल लागला होता.

"टायरवाल्यांकडचा नळ दुरुस्त करायला येतो मी," तो म्हणाला. "ते म्हणाले, वरच्या ताईंना दगडांतलं कळतं."

चाळिशीचा, अंगाने रुंद, बोलायला मोकळा. हातातल्या पिशवीतून त्याने ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गोळा काढला. काढताना माझ्या लक्षात आलं की त्याचा डावा हात मनगटातून वळत नाही. पिशवी उलटी करायला त्याने अख्खा खांदा वळवला. मी बघतेय हे त्याला कळलं.

"स्टीलची पट्टी आहे आत," तो हसून म्हणाला. "कॉलेजात असताना मोटारसायकलवरून पडलो होतो. आता थंडी पडायची असली की रेडिओच्या आधी मला कळतं."

वर्तमानपत्र सोडवलं. मुठीएवढा चिकणमातीचा गोळा, आणि त्याच्या फुटलेल्या बाजूला काचेच्या पात्यांसारखे स्फटिक. रंग नाही. इतके स्वच्छ की मागची माती जशीच्या तशी दिसत होती.

"घरामागे टाकीसाठी खड्डा खणतोय. त्यात सापडलं. काच वाटली, पण काच काही जमिनीत उगवत नाही ना?"

मी सुटलेला एक कण घेतला आणि नखाने ओढला. ओरखडा उठला. पातळ पापुद्रा सुटून आला आणि वाकला, मोडला नाही. एव्हाना पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ त्या गोळ्यावर पडली होती, आणि आमचं बोलणं चालू असताना त्या रेघेतले स्फटिक बदलले. पालेभाजी धुतलेल्या पाण्याला येते तेवढीच छटा. हिरवी.

मी झटकन फट बंद केली.

"हे व्हिव्हियनाइट आहे," मी म्हणाले. "जमिनीत असतं तेव्हा असं काचेसारखं. उजेड लागला की हिरवं होतं. मग गडद हिरवं, मग निळसर, आणि फार उजेड खाल्ला तर काळं पडून फुटतं. एवढे मोठे, न डागाळलेले स्फटिक क्वचित मिळतात. संग्राहक ते अंधारात ठेवतात, हिरवं असतानाच थांबवायचा प्रयत्न करतात."

"आणि किंमत?"

मी अंदाज सांगितला. तो म्हणाला, "बसू का जरा?" आणि बसला.

मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. कुठे सापडलं, कारण ठिकाणाचं नाव असल्याशिवाय कोणताही शहाणा संग्राहक पैसे देत नाही. त्याने सांगितलं, विटांच्या जुन्या कारखान्यामागे, गल्लीतलं शेवटचं घर. कारखान्याचा मातीचा खड्डा होता, तो बंद होऊन भराव पडला, त्याला आता वीसेक वर्षं झाली. दुसरं, गोळ्याच्या आत काड्यांसारखे काही आखूड तुकडे होते, त्यांच्याबद्दल.

"हाडं आहेत," मी म्हणाले. "हे खनिज हाडावर धरतं. कुत्रं नाहीतर डुक्कर पडलं असेल खड्ड्यात. पंजा असावा."

"बिचारं," तो म्हणाला.

तो तुकडा मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विकला. ते कधीच निवृत्त झालेत, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात आणि फक्त हिरवी खनिजं जमवतात. माझा नवरा त्यांना 'हिरवे डॉक्टर' म्हणतो. दुसऱ्यांचे डोळे दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि आता स्वतःला धूसर दिसतं. हिरवा तेवढा नीट दिसतो, असं ते सांगतात. त्यांनी तुकडा नाकाला लावून पाहिला, लेबलावरचं ठिकाण मला मोठ्याने वाचायला लावलं, घर नेमकं कुठे तेही विचारून घेतलं. "आणखी सापडेल तिथे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही हं."

प्लंबर पुन्हा आला तेव्हा त्याच्याकडे लांबट खोका होता. मी सांगितलं होतं तसं त्याने खड्ड्यावर ताडपत्री बांधून, अंधारात चाचपडत मातीसकट तुकडा उचलला होता. मला त्याचं कौतुक वाटलं. तो कामाला जायच्या घाईत होता. मी पडदा ओढला, मंद दिवा लावला आणि पाण्याच्या बारीक धारेखाली मऊ ब्रशने माती सोडवायला घेतली.

स्फटिक सुंदर होते. बोटभर लांब, झाडूच्या काड्यांसारखे एकाच दिशेने पसरलेले. खाली हाड होतं, सरळ, हातभर नाही पण बरंच लांब. आणि हाडाला चिकटून आणखी काहीतरी सरळ होतं, ज्यावर स्फटिक धरला नव्हता. राखाडी. चुंबकाला चिकटत नव्हतं. मी ब्रश बाजूला ठेवून भिंग घेतलं.

त्याला आटे होते.

निसर्ग अनेक गोष्टी करतो. पंचवीस वर्षांत मी लोहखनिजाचे घन पाहिलेत, केसांसारखी चांदी पाहिली आहे. पण स्क्रूचे आटे तो पाडत नाही. मी तो तुकडा काळ्या कापडात गुंडाळला आणि तडक इस्पितळात गेले.

जेवणाची सुट्टी होती, एक्स-रेची खोली रिकामी. नवऱ्याने काही न विचारता तुकडा टेबलावर ठेवला, माझ्याकडे बघून "श्वास रोखून धरा" म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसत आत गेला. पडद्यावर चित्र आलं तेव्हा त्याचं हसू गेलं.

"माणसाचं आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"अगं, रोज हेच बघतो मी. कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड. डावं." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "मोडलं होतं. पट्टी बसवली आहे, सहा स्क्रू. तिसरा तिरका गेलाय. आणि ही रेघ बघ, मोडलेली जागा. जुळायला जेमतेम सुरुवात झाली होती."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑपरेशननंतर महिनाभराने, फार तर दीड महिन्याने, हा माणूस गेला. हाडाच्या टोकाला वाढीची खूण अजून आहे. पोरगा होता. सतरा-अठराचा." मग त्याने विचारलं, "पहिल्या तुकड्यात काय होतं?"

मी सांगितलं. आखूड, बारीक हाडं, एकापुढे एक.

त्याने स्वतःचा पंजा टेबलावर उताणा पसरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

पोलिसांना सांगायलाच हवं होतं. पण घर त्याचं. आधी त्याच्या कानावर घालावं असं आम्ही ठरवलं. मी प्लंबरला फोन केला. तो जवळच कुठेतरी काम करत होता, लगेच आला. खोलीत शिरला, पडद्याकडे पाहिलं आणि हसला.

"हे माझंच कुठून काढलंत?" तो म्हणाला. "याच इस्पितळात झालं होतं ना. घरी फिल्म आहे माझ्याकडे. तो तिसरा स्क्रू बघा, तिरका. सर्जन म्हणायचे, ऐन वेळी शिंक आली."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय झालं?"

"हे तुमचं नाही," नवरा म्हणाला. "हे तुम्ही आणलेल्या खोक्यातलं आहे."

तो पडद्याजवळ गेला. मग त्याने शर्टाची बाही वर केली. कोपराखालून मनगटापर्यंत पांढरट, सरळ व्रण होता, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. "माझी पट्टी माझ्या हातात आहे," तो म्हणाला. समजूत घालावी अशा आवाजात म्हणाला. "काढा की. काढा फोटो."

त्याने हात टेबलावर ठेवला, सवय असल्यासारखा, न सांगता योग्य कोनात. नवरा आत गेला. काचेपलीकडे तो दिसत होता. बटण दाबलं, पडदा पाहिला, पुन्हा बटण दाबलं. मग बाहेर येऊन हात थोडा फिरवून ठेवला आणि तिसऱ्यांदा काढलं.

दोन चित्रं शेजारी शेजारी होती. एकात पट्टी, सहा स्क्रू, मोडलेलं हाड. दुसऱ्यात नुसतं हाड. जाड, पूर्ण वाढलेलं, गुळगुळीत. पट्टी नाही, स्क्रूंची भोकं नाहीत, कधी मोडल्याची खूणही नाही.

"मशीन बिघडलंय," प्लंबर म्हणाला.

"नाही," नवरा म्हणाला.

"मग हे काय आहे?" त्याने उजव्या अंगठ्याने डाव्या हाताची कातडी दाबली. "इथे लागते हाताला. बघा ना. तुम्ही दाबून बघा."

नवऱ्याने दाबून पाहिलं. हात सोडून दिला आणि कपाळावरचा घाम पुसला. नंतर, खूप नंतर, त्याने मला सांगितलं की त्याच्याही हाताला लागली होती. कातडीखाली, थंड, सरळ पट्टी. स्क्रूंची डोकीसुद्धा.

प्लंबरने बाही खाली केली, बटण लावलं. "आईला विचारतो," तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. "तुम्ही चला. दोघंही चला. मला एकट्याला नाही विचारता यायचं."

त्याच्या गाडीत मागे पाइप होते, ते वळणावर एकमेकांवर आपटायचे. पुलापाशी डावीकडे वळून, कारखान्याच्या पडक्या भिंतीच्या कडेने गल्ली जात होती. शेवटचं घर बैठं, स्वच्छ. स्वयंपाकघरात मागच्या भिंतीला एक मोठं लाकडी कपाट होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दाराची चौकट बाहेर डोकावत होती. दारासमोर कपाट ठेवलेलं. मागे जायचं तर घराला वळसा घालून जावं लागे.

आई टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. बारीक, ताठ बाई. आम्हाला बघून उठायला लागली.

"बस, आई," तो म्हणाला. "माझ्या हातात पट्टी नाही."

तिचे हात थांबले नाहीत. शेंग फुटली, दाणे भांड्यात पडले, साल बाजूला गेलं.

"मागे खड्ड्यात एक जण आहे. त्याच्या हातात आहे."

आणखी एक शेंग.

"टाकी मागे नको, पुढे कर, म्हणून मी सांगत होते तुला," ती म्हणाली. "ऐकलं नाहीस."

तो तिच्यासमोर बसला. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. अशा वेळी परक्या माणसाने निघून जावं, पण पाय निघत नव्हते.

"काय झालं होतं, मावशी?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी कधीतरी विचारील याची तिने बरीच वर्षं वाट पाहिली असावी, असं मला त्या नजरेवरून वाटलं.

"हाताला प्लास्टर घालून घरी आणला होता," ती म्हणाली. "पावसाळा नुकताच सरला होता. खड्ड्यात भराव टाकत होते, माती नुसती दलदलीसारखी झाली होती. तिकडे जाऊ नको म्हटलं होतं. एका संध्याकाळी बाहेर पडला तो आलाच नाही. मी रात्रभर बसून. पहाटे दार वाजलं. पुढचं. उघडलं तर हा उभा. अंगभर ओली माती."

तिने सालं गोळा करून बाजूला सारली.

"प्लास्टर नव्हतं हाताला," ती म्हणाली. "मी आंघोळ घातली. व्रण होता. तीळ होता मानेवर, तो होता. भूक लागली म्हणाला, जेवायला वाढलं. हा इथे बसला होता, याच खुर्चीत. जेवत होता. आणि मागून हाक आली."

"कसली हाक?" नवऱ्याने विचारलं.

"आई म्हणून."

नवऱ्याने कपाटाकडे पाहिलं.

"आवाज याचाच. मी याच्याकडे बघितलं, तर हा खाली मान घालून जेवतोय. याला ऐकू आलं नाही. पुन्हा हाक. आई, मी अडकलोय, म्हणे." ती शेंग हातात धरून बसली. "एक पोरगा माझ्यासमोर जेवतोय आणि एक पोरगा मागे हाका मारतोय. तुम्ही सांगा बाई. खरा कोणता धरायचा? घरात बसलाय, गरम आहे, माझ्या हातचं जेवतोय, तो खरा ना? बाहेरून अंधारातून जे हाक मारतं ते खोटं असतं, असंच ऐकलं होतं मी. असंच वाटलं. मी दाराला कडी घातली. वडील होते याचे तेव्हा, आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवलं."

"आणि?"

"दोन दिवस हाका येत होत्या. मी रेडिओ मोठा करून ठेवला होता. मग बंद झाल्या. मग भरावाच्या गाड्या आल्या."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. प्लंबरच्या घरचा नळ. त्याने सवयीने उठून तो घट्ट बंद केला आणि तसाच बेसिनला धरून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"मला कधी विचारलं का नाहीस?" तो म्हणाला. "प्लास्टर कुठे गेलं, एवढं तरी?"

"आईला कळत नाही होय?"

"कळलं होतं?"

"कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

तो वळला. "मग मी कोण?"

ती उठली. त्याच्यापाशी गेली. त्याच्या शर्टाच्या कॉलरवर वाळलेली माती होती, ती तिने नखाने खरवडली. "बाबा गेले तेव्हा तू होतास," ती म्हणाली. "माझा पाय मोडला तेव्हा तू उचलून न्यायचास. मला दुसरं काही ठाऊक नाही."

त्याने तिचा हात हळूच बाजूला केला आणि बाहेर गेला.

नवरा रस्त्यावर फोन करायला गेला. पोलिसांना आता कळवायलाच हवं होतं. मी घराला वळसा घालून मागे गेले. ऊन होतं, स्वच्छ दुपारचं ऊन. ताडपत्री बाजूला फेकलेली होती. तो कमरेएवढ्या खड्ड्यात गुडघे टेकून हातांनीच माती काढत होता. खोरं वर पडलं होतं.

"थांबा," मी म्हणाले. "पोलीस येतील. ते काढतील."

"ते फावड्याने काढतील," तो म्हणाला.

मी कडेला बसले. माती निळसर राखाडी, लोण्यासारखी. त्याच्या बोटांखालून आधी फासळ्या आल्या. प्रत्येकीवर काचेची पाती. मग खांदा. मग उजवा हात, वर ताणलेला, पूर्ण ताणलेला, आणि बोटं मातीत रुतलेली. मी त्या हाताच्या दिशेने पाहिलं. समोर घराची मागची भिंत होती. बंद दार.

मग चेहरा.

स्फटिक डोळ्यांच्या खाचांतून आणि उघड्या जबड्यातून बाहेर आले होते. आयुष्यात मी इतके स्वच्छ, इतके मोठे स्फटिक पाहिले नव्हते. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. त्या क्षणीही माझ्या डोक्याने त्यांची किंमत केली. मला थांबवता आलं नाही.

ऊन त्यांच्यावर पडलं होतं.

आधी कडा. मग आत. कुणीतरी आतून दिवा मोठा करावा तसा हिरवा चढत गेला. पुस्तकात लिहिलंय त्याहून कितीतरी वेगाने.

"ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा त्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. "मला मोटारसायकलवरून पडल्याचं आठवतं. शाळा आठवते. बाबांनी खांद्यावर बसवलेलं आठवतं. हे सगळं याचं आहे ना?"

मी खड्ड्याच्या कडेवरून पुढे वाकले.

"त्या रात्रीचं तेवढं आठवत नाही," तो म्हणाला. "भूक लागली होती एवढंच."

त्याने अंगातलं जॅकेट काढलं आणि त्या चेहऱ्यावर, छातीवर नीट पसरलं. कोपरे मातीत खोचले.

"काळा पडायला नको," तो म्हणाला.

पोलीस आले. दिवेलागणीपर्यंत त्यांनी सगळं उचललं, खोक्यांतून नेलं. आमचे जबाब घेतले. आईने वाटाण्याचं भांडं पुढ्यात घेऊनच सांगितलं की मुलगा एकच, तो समोर उभा आहे, खड्ड्यातला कोण ते तिला माहीत नाही. त्याने तिला खोडलं नाही. आम्ही निघालो तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात होते, ती जेवायला वाढत होती. तो जाणार तरी कुठे होता?

अधिकाऱ्याने मला बजावलं, विकलेला तुकडाही आणून द्या. हाताची बोटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हिरव्या डॉक्टरांकडे गेले. पैसे परत करायला पाकीट घेतलं होतं, काय सांगायचं तेही जिना चढताना ठरवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारासमोरची फरशी ओली होती.

"या," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतः कशाला आलात? नेला की त्याने."

"कोणी?"

"तुम्ही पाठवलेला मुलगा." ते चाचपडत खुर्चीत बसले. "मला वाटलंच होतं, असलं काहीतरी निघणार. चांगलं असलं की टिकत नाही आपल्याकडे. म्हणाला, ते माझं आहे, परत हवंय. मी खण उघडून दिला."

"कसा होता दिसायला?"

"मला कुठे दिसतंय! आवाजावरून सतरा-अठराचा. डावा हात पांढरा दिसत होता, प्लास्टर असावं. तुकड्याची पेटी काखेत धरली त्याने. जाताना कडी काही त्याला धरता येईना, मीच उठून दार उघडलं." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "चिखलाचे पाय घेऊन आला होता तेवढं सोडलं तर सभ्य होता. तुम्ही त्याला पत्ता तरी नीट सांगायचा."

"कुठला पत्ता?"

"घरचा. मागच्या बाजूचं सगळं बदललंय म्हणाला, वाट कळत नाही. मला लेबलावरचं ठिकाण पाठ होतं, सांगितलं समजावून. पुलापाशी डावीकडे, भिंतीच्या कडेकडेने शेवटचं घर." त्यांनी बोलणारं घड्याळ कानाशी नेलं. "पोचला असेल एव्हाना."